शेठच्या गाडीचा नारळ

पलसाण्याच्या ज्या कापड रंगवायच्या मिलमध्ये मी इलेक्ट्रिशियन आहे, तिथेच आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म बॉयलरमध्ये कोळसा टाकला. खानदेशातून सुरतेला आले ते थेट फावड्यालाच लागले. त्यांच्या छातीत काय साठलंय ते डॉक्टरांनी फोटोत दाखवलं, तेव्हा मला आबांचाच राग आला. कधी तोंडाला फडकं बांधलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, दुःख झालं की आधी कोणावर तरी चिडायचं.

मागे शेठनी नवी गाडी घेतली. पेट्रोलवर चालणारी आणि तार लावून चार्जही होणारी. तिच्यासाठी प्लग बसवायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसच्या छपरावर सौर प्लेटा होत्या, पण तिथून पार्किंगपर्यंत केबल आणायची म्हणजे भिंत फोडा, चर खोदा. बॉयलर हाऊसचा पॅनल मात्र पार्किंगला लागूनच. मिलची स्वतःची वीज तिथे कोळशाच्या वाफेवर तयार होते. मी तिथूनच लाइन दिली आणि दोन तासांत मोकळा झालो. शेठ खूश, मी त्यांच्याहून खूश. भेटेल त्याला सांगायचो, आपल्या मिलमध्ये धूर न सोडणारी गाडी आलीय.

आमच्या मिलमध्ये नव्या यंत्राचा नारळ सगळ्यात जुन्या कामगाराने फोडायचा असा रिवाज आहे. दसऱ्याला शेठनी आबांना घरून बोलावून घेतलं. दहा पावलं चालले तरी त्यांना धाप लागायची, पण धुतलेला सदरा घालून आले.

"काका, श्रीफळ तमे ज वधेरो," शेठ म्हणाले.

आबांनी नारळ हातात घेतला, गाडीभोवती नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "हाई काय खास?" गाडी खाते काय, असं त्यांना विचारायचं होतं.

"वीज, आबा. धूर नही, वास नही."

"वीज कथाईन येस?"

मी भिंतीवरच्या केबलकडे बोट दाखवलं. त्यांची नजर केबलबरोबर सरकत बॉयलर हाऊसपर्यंत गेली, तिथून वर धुराड्याकडे. त्याच धुराड्याच्या राखेपायी आईने गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालणं कधीच सोडलं होतं.

"मंग नारय तठे फोडना पडी," आबा म्हणाले.

"आबा, सर्वा थांबेल शेतस. आठेच फोडा."

ऐकतील तर आबा कसले. नारळ छातीशी धरून निघाले. वाटेत दोनदा थांबले. मी मागोमाग गेलो, मनात चरफडत, कारण सगळे बघत होते. बॉयलरवरच्या माणसाने फावडं बाजूला ठेवून जागा करून दिली. नारळ दुसऱ्या घावाला फुटला. समोरून धग आली, आबांना खोकला सुरू झाला, आणि तो थांबेचना.

शेठनी त्याच गाडीतून त्यांना माझ्याबरोबर दवाखान्यात पाठवलं. बॅटरी भरलेली होती. गाडीला आवाजच नव्हता, त्यामुळे आत आबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पांढऱ्या सीटला डाग लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. हायवेवर जरा दम मिळाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या छपरवरल्या प्लेटास्नी वीज हाईले नही चालस का?"

"चालस."

"मंग?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडीच्या मागच्या नळीतला धूर मी फक्त आमच्या धुराड्यात नेऊन टाकला होता. आणि माझ्या धूर न सोडणाऱ्या गाडीसाठी माझ्याच बापासारखा कोणीतरी कोळसा टाकत होता. मला फार लाज वाटली.

नवव्या दिवशी आबा गेले.

लाइन बदलून बॉयलर थांबत नाही हे मला कळतं. कापडाला वाफ लागतेच, आणि ढगाळ दिवसांत छपराची वीज पुरत नाही, मग गाडी पेट्रोल पिते. हे सगळं कळूनही तेराव्यानंतर कामावर रुजू झालो, त्याच दिवशी कोणाला न विचारता चर खोदायला घेतला. भिंत फोडली, केबल ओढली, बॉयलर हाऊसची तार काढून टाकली.

जेवणाच्या सुट्टीच्या आत काम झालं. एवढंच काम होतं.