मास्तरांच्या तोंडची ‘चीज’

आमच्या उदगीरच्या गाण्याच्या क्लासात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चहा येईपर्यंत एक निघतो, चहा संपेपर्यंत चार होतात, आणि सगळ्यांत गफूरमास्तर असतातच! मोंढ्यात त्यांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान, वरच्या खोलीत क्लास.

*

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “मास्तर, एखादं छान गाणं शिकवा.”

“गाणं रेडिओवर लागतं, साहेब. हितं चीज मिळते.”

रागात बांधलेली रचना म्हणजे चीज, एवढं मला ठाऊक होतं. म्हणालो, “मग चीज शिकवा.”

“आधी सा लावा. चीज कुठं पळून चालली न्हाई!”

तो सा वर्षभर चालला.

*

एका पठ्ठ्यानं चीज मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि निवांत मांडी घालून बसला.

मास्तरांनी विचारलं, “आली?”

“हो मास्तर, पूर्ण आली.”

“तुला कुठं? मोबाइलला आली. आता कार्यक्रमाला त्यालाच पाठीव!”

*

एका जुन्या चीजेचा पुढचा भाग, म्हणजे अंतरा, मास्तरांना येत नव्हता. देगलूरच्या एका म्हाताऱ्या गवयाला येतो असं कळलं. भाजी आणायला निघालेला हा माणूस पिशवीसकट एसटीत बसला! दिवेलागणीला परतला तो गुणगुणतच.

दारात भाभी उभ्या. “क्या लाए?”

“अंतरा!”

भाभींनी रिकामी पिशवी उलटी करून झटकली. त्या रात्री दोघांनी लोणच्याशी भाकरी खाल्ली म्हणे. मला तर मास्तरांचा हेवाच वाटला.

*

कांबळे मॅडम सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांनी भीमपलासमध्ये स्वतः एक रचना बांधली. मास्तरांनी ऐकली, म्हणाले, “बोल बरे हाईत.” मॅडमनी सुधारली. “चाल बसली आता.” पुन्हा सुधारली. “हं.”

पण तिला ‘चीज’ म्हणायला मास्तर काही तयार नाहीत!

“एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं असं लई वाटतं वो,” मॅडम म्हणाल्या. डोळे भरले होते.

तबल्याला आमचा शिवा, निलंग्याचा, एसटीत कंडक्टर. तो म्हणाला, “मास्तर उगं म्हणायचे न्हाईत, मॅडम. त्यांचं तोंड म्हंजे सोनाराचा काटा हाय!”

मॅडमना त्यानं फारसं बरं वाटलं नाही.

*

मग लातूरचा कार्यक्रम. हॉल गच्च भरलेला. शेवटी मास्तर बसले. सूर लावला आणि मध्येच थांबले. आम्हाला वाटलं, गळा बसला.

मास्तरांनी समोर बसलेल्या मॅडमकडे पाहिलं आणि माइकवरच विचारलं, “मॅडम, तुमची चीज गाऊ का? इजाजत हाय?”

सुई टोचताना भल्याभल्यांना दरडावणाऱ्या आमच्या मॅडम! त्यांचे नुसते ओठ हलले.

शिवा तबल्यावरूनच ओरडला, “हाव म्हणल्या, मास्तर! घ्या!”