सुधाताईचं फोनमधलं शेत

काजूच्या कारखान्यात टरफलं साठतात, तसे किस्सेही साठत जातात. मसुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं फोनवर एकच गेम खेळतो: मी, बॉयलरवरचा प्रकाशदादा आणि काजू सोलणारी सुधाताई. वर शेती करायची, खाली गुहेत राक्षसांशी लढायचं आणि तिथून जादूचं बियाणं आणायचं. ना चिखल, ना कंबरदुखी! सुधाताई मात्र खेळते ती नवऱ्यासाठी. तो मालवाहू बोटीवर असतो. तिथलं नेट कॉलला पुरत नाही, गेमला कसंबसं पुरतं. दोघांचं एकच शेत, दोघांशिवाय कुणाला त्यात जाता येत नाही. सकाळी तो पाणी घालतो, दुपारी ही बघते. माती ओली म्हणजे माणूस खुशाल.

*

दादाने गेममध्ये भोपळ्यांना कुंपण घातलं, मंतरलेलं बुजगावणं उभं केलं. तेवढ्यात घरून फोन आला, खऱ्या परसातली शहाळी माकडांनी पाडली होती. "हंय बुजगावणा कित्याक नाय लावलंस?" असं वहिनीने विचारलं. दादाने गुपचूप फोन खिशात टाकला.

*

मी पहिल्यांदा गुहेत उतरले तेव्हा भिंतीत एक डोळा उघडला. मी अशी किंचाळले की मॅनेजर धावत आले. त्यांना वाटलं, कटरमध्ये कुणाचं बोट सापडलं. मी म्हटलं, "सर, राक्षस." संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी जपून बोलत होते.

*

आमच्याकडे बांधावरचं जुनं झाड तोडायचं तर आधी जमीन सांभाळणाऱ्या राखणदाराला नारळ देतात. दादाने गेममधलं झाड नारळ न देताच तोडलं. त्याच दुपारी गुहेतल्या राक्षसाने वर येऊन त्याला पिकासकट गिळलं. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याच्या फाटकाशी खरा नारळ फोडला. खोबरं मॅनेजरनीही खाल्लं.

*

मग गेल्या पावसाळ्यात सुधाताईचं शेत कोरडं दिसलं. नेट नसेल, आम्ही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही कोरडंच. रोपं माना टाकायला लागली. तिकडे समुद्रात वादळ असल्याचं बातम्यांत आलं होतं, ते आम्ही तिला सांगितलं नाही, पण तिला कळलेलं होतं. मी म्हटलं, ताई, तूच घाल की पाणी. ती म्हणाली, "मी घातलंय तर तो बरो आसा ता माका कळतला कसा?"

शेवटी दादा उठला. जेवणाच्या टेबलावर तिचा फोन ठेवून, देवापुढे घालतात तसं त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, हिचो घोव दर्यात आसा, तेका सुखरूप ठेव." आम्ही सगळ्या बायका म्हणालो, "होय म्हाराजा." कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दुपारी सुधाताईने गेम उघडला. माती काळीभोर, ओली. ती ढसाढसा रडली आणि मग पोटभर जेवली.

कारखाना सुटताना तिचा फोन वाजला. नवराच होता. तिने स्पीकर लावला. वादळात बोटीचं नेट गेलं होतं, आत्ता बंदराला लागल्यावर पहिल्यांदा फोन चालू झाला. "इतके दिवस पाणी घालूक गावला नाय गो," तो म्हणाला. "आपला शेत सुकला असतला मा?"

सुधाताईने आमच्याकडे बघितलं. दादाने फाटकाची कडी घट्ट धरली होती.

"नाय सुकला," ती म्हणाली. "तू बरो आसस मा?"