हिराबाईंचे चिंचोके

हे सांगावं की गिळून टाकावं, असं बरीच वर्षं चाललंय माझं. पण तुम्ही घरचेच आहात, चहाही अजून गरम आहे, तर ऐकून टाका. मी एका बाईवर आळ घेतला होता. आणि तोही कशाचा, तर चिंचोक्यांचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही खांदा कॉलनीत राहत होतो आणि मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत बाजारातून एक खेळ आणला. पुठ्ठ्याचा पट, पृथ्वीवरून मंगळावर जायचं. उघडून बघतो तर फासा टाकायचा आणि सहा पडले की यान सहा घरं पुढे. अर्ध्या वाटेवर चक्क पेट्रोल पंप काढलेला. आता मला सांगा, मंगळाच्या रस्त्यावर पंप कोण चालवणार?

मी फासा फेकून दिला आणि नवे, शास्त्रशुद्ध नियम लिहिले. इंधन म्हणून प्रत्येकाला बारा चिंचोके. एक जाळला, म्हणजे बाजूला टाकला, की यानाचा वेग एका घराने वाढणार. मग यान त्याच वेगाने आपोआप जात राहणार, कारण तिथे अडवायला हवाच नाही. वेग कमी करायला पुन्हा चिंचोके जाळायचे. मंगळावर पोचताना वेग शून्य हवा, नाहीतर यान पुढे निघून जाऊन कायमचं भरकटणार. उतरल्यावर ज्याचं इंधन जास्त उरेल, तो जिंकला.

खेळायला तिघं. मी, समोरचे निवृत्त पोस्टमास्तर साठेकाका आणि हिराबाई. हिराबाई करंजा बंदरावरच्या कोळीण. एक दिवसाआड कॉलनीत मासे विकायच्या आणि पाटी रिकामी झाली की परतीच्या एसटीपर्यंत आमच्याकडे टेकायच्या. आमच्या हिचं आणि त्यांचं गूळपीठ होतं. तिसरा गडी हवा म्हणून मीच त्यांना बसवलं.

पहिला डाव त्या जिंकल्या. म्हटलं, नवशिक्याचं नशीब. दुसराही जिंकल्या. तिसऱ्याला मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, माझं यान दर वेळी भरकटायचं, साठेकाकांचं दोनदा भरकटलं, आणि ही बाई मंगळावर उतरून वर सहा चिंचोके शिल्लक दाखवते? येतात कुठून?

मग लक्षात आलं. कालवणाला चिंच लागते. यांच्या घरी चिंचोक्यांना काय तोटा?

झालं. मला त्यांच्या प्रत्येक हालचालीत चोरी दिसायला लागली. पदर सारखा केला, संशय. कमरेची पिशवी काढून मिसरी लावली, दाट संशय. खोकल्या तरी मी पटाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघायचो.

हिला सांगितलं तर म्हणाली, "खेळच आहे ना? जिंकू दे की त्यांना."

"प्रश्न जिंकण्याचा नाही, शास्त्राचा आहे," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला त्या यायच्या आधी मी छत्तीसच्या छत्तीस चिंचोक्यांवर लाल शाईचा बारीक ठिपका दिला. कुणालाही न सांगता. डाव सुरू झाला. ही चहा देऊन नेहमीसारखी माझ्या शेजारी बसली. माझं यान भरकटलं. हिराबाई अलगद उतरल्या. पुढ्यात सहा चिंचोके.

मी उठून उभा राहिलो. "साठेकाका, तुम्ही साक्षीदार. त्यांचे चिंचोके उलटे करून बघा. ज्याच्यावर लाल ठिपका नाही, तो बाहेरून आणलाय."

हिराबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे मी चोर हाय का, मास्तर?" असं म्हणून त्यांनी पिशवीच पटावर उपडी केली. मिसरीची डबी, एसटीचं तिकीट, सुट्टे पैसे. बस्स.

साठेकाकांनी चष्मा लावून सहाही चिंचोके तपासले. सहाही ठिपकेवाले. मग त्यांनी मी जाळलेले चिंचोके चाळले, आणि त्यातले पाच बिनठिपक्याचे निघाले.

साठेकाका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या पोस्टातलं पार्सल फोडलंय.

"मीच टाकत होते ह्यांच्या चिंचोक्यांत," ही खाली मान घालून म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. हे हरले की दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. पण ह्यांना कितीही दिले तरी पुरतच नाहीत हो."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. हिराबाईंची हात जोडून माफी मागितली. त्यांनी पिशवी भरली, कमरेला खोचली, पण जाईनात. पटाकडे बघत राहिल्या.

"मास्तर, तुमीच बोललात ना, एकदा निघालं का आपोआप चालतंय? मंग तुमी दर पाळीला जालता कशाला? आमची होडी बंदराला लागायची तर मशीन लांबूनच बंद करतात. तुमी पार धक्क्यापर्यंत मशीन चालू ठेवता."

माझाच नियम, माझ्याच अक्षरात, समोर पडलेला. आणि मी यान चालवत होतो स्कूटरसारखं, सारखी मूठ पिळत; थांबायला चिंचोके उरणार कुठून?

"हे असंच शालंत शिकवता?" त्यांनी विचारलं.

"हो. आठवीला."

"मंग पोरं पास व्हतात?"

होतात, असं मी म्हणालो. पण कशी होतात, याबद्दल त्या दिवसापासून मलाच संशय आहे.