रीमाने मिशी काढली तेव्हा

गास गावची रीमा फोनवरच्या व्हिडिओत वालाचं बिरडं करून दाखवायची तोवर लोक तिच्यावर खूश होते. भाजीच्या वाडीतून वाल तोडायचे, सोलायचे, फोडणीला टाकायचे. मग तिला स्वतःचाच कंटाळा आला. एका रविवारी तिने सासऱ्यांचं धोतर नेसलं, काजळाने मिशी काढली आणि लग्नात मानपानावरून रुसणारा काका उभा केला, तोही घरच्या बोलीत.

व्हिडिओखाली लोक तिच्यावर तुटून पडले. 'आधी मराठी शिका. पानी नाही, पाणी.' 'घरात विचारणारं कोणी नाही का?' पहिल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने लिहिणारे नीट पाहिले. एकाने स्वतःच्या तोंडाऐवजी वाघाचा फोटो लावला होता. स्वतःचं तोंड दाखवायची छाती नाही, आणि हा मला लाज शिकवतो! तिने नाक मुरडलं आणि कांदा चिरायला घेतला.

फुलपाड्याहून चुलतदीर जितेंद्र मुद्दाम आला. "वहिनी, काढून टाका तो व्हिडिओ. ऑफिसात विचारतात, ह्या तुमच्या कोण?"

"मग काय सांगितलंत, भावोजी?"

"म्हटलं, ओळखत नाही."

"बरं केलंत. आता मलाही कोणी तुमच्याबद्दल विचारलं तर सांगायला सोपं."

चहा अर्धा टाकून तो उठला. रीमाने त्याला थांबवलं नाही.

लागलं ते आतेसासू कृष्णाबाईंचं बोलणं. वाडीच्या बांधावरच त्यांनी तिला गाठलं. "तुजा काका खोटा हाय गो. रुसलेला मानूस वरडत नाय. गप बसते. पानी पन घेत नाय."

हशा मिळावा म्हणून रीमानेच काकाला ओरडायला लावलं होतं. म्हातारीने नेमकी तीच लबाडी पकडली होती.

तिने तो प्रसंग पुन्हा केला. या वेळी काका दारात नुसता बसला. पाण्याचा पेला आला, गेला, पुन्हा आला. काकाने मान वळवली नाही. बघणारे निम्म्याने घटले, 'बोअर' म्हणून गेले. गेले ते बरंच झालं, असं रीमाला मनापासून वाटलं.

कृष्णाबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "आमचा शत्रुघ्नकाका असाच बसलेला, माज्या लग्नात."

रीमा त्यांच्याजवळ सरकली. "आत्या, आनि बायका कशा रुसायच्या?"