थोट्या हाताची नखी

नाग डूख धरतो म्हणतात. नागाचं खरंखोटं मला माहीत नाही, पण मी धरतो. आणि ज्या माणसावर मी तो धरला, ते आमच्या बेंजो पार्टीचे मास्तर.

बिलोलीच्या आसपासच्या लग्नांत आमची पार्टी हमखास असायची. सजवलेल्या पिकअपवर भोंगे, मागं जनरेटर, खाली ताशेवाले, आणि पुढच्या फळीवर बेंजो घेऊन मी. डावा हात बेंजोच्या बटणांवर, उजव्या हाताच्या चिमटीत प्लॅस्टिकची चपटी नखी, तिनं तारा छेडायच्या. बेंजोवाला म्हणजे पार्टीचं तोंड. नाचणारी पोरं गाण्याची फर्माईश त्यालाच करतात, आणि मला त्या जागेचा माज होता हेही सांगून टाकतो.

मग एका उन्हाळ्यात घरच्याच कडबा कुट्टीच्या यंत्रात माझा उजवा हात ओढला गेला. तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापासून गेलं. जखम भरल्यावर मी अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांत नखी धरून वाजवायला लागलो. पकड सैल असायची, सूर मध्येच तुटायचा, पण वाजत होतं. लातूरला एका लग्नात मात्र ऐन रंगात नखी हातातून निसटली आणि गाडीखाली गेली. वरातीतल्या बायका माझ्या हाताकडं बघून एकमेकींच्या कानाला लागल्या. मास्तर फळीवर चढले आणि माईक चालू असतानाच म्हणाले, “उतर खाली. नवरदेवाच्या म्होरं थोटा हात नको, लोकं नावं ठेवायलेत.”

भोंग्यातून ते पार गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. मी उतरलो. त्या लग्नसराईत मी जनरेटरमध्ये डिझेल ओतलं आणि माझ्या जागेवर बसून मास्तर स्वतः बेंजो वाजवायचे. माझ्यापेक्षा बरे वाजवत नव्हते, पण बोटं शाबूत होती. धुरात बसल्या बसल्या मी एकच ठरवलं, की याच माणसासमोर, भरल्या लग्नात, मी पुन्हा पुढच्या फळीवर बसेन आणि त्याला ते बघावं लागेल.

वाट सापडली मोबाइलवर. कुणी परदेशातला म्हातारा गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवत होता, आणि त्याच्या अंगठ्यात अंगठीसारखी नखी होती. अंगठीला एक जीभ फुटलेली, आणि तार छेडायची ती जीभच. चिमटीची गरजच नाही. अंगठा तर माझा धडधाकट होता.

पहिली घेतली नांदेडच्या वाद्यांच्या दुकानात, पातळ प्लॅस्टिकची. दुकानदारानं ती डबीत हात घालून हाताला लागेल ती काढून दिली, आणि मीही येड्यासारखा घेऊन आलो. दोन गाण्यांत अंगठ्याला घाम सुटला की ती गोल फिरायची. दुसरी स्टीलची. ती हलायची नाही, पण तारेवर अशी किंचाळायची की म्हशीनं दावणीला हिसका दिला. शिवाय तिची कड नखाच्या मुळाशी रुतायची. मग ऑनलाइन मागवल्या, तर एक इतकी घट्ट की अंगठा निळा पडला, आणि एकीची जीभ इतकी लांब की शेजारची तारही तिच्यात अडकायची.

अशा फसत फसत मला नखीची पारख आली. अंगठीचं वळं नखाच्या मागं बसावं, सांध्यावर नव्हे. मूठ झटकली तरी हलू नये आणि काढल्यावर कातडीवर फार वेळ वळ राहू नये. जीभ आखूड हवी आणि जाड हवी. पातळ जीभ वाकते आणि सूर उशिरा येतो. शेवटी लातूरच्या एका दुकानात जाड, पिवळट प्लॅस्टिकची एक जोडी मिळाली. वळं थोडं सैल होतं, म्हणून बायकोनं पाणी तापवून दिलं, त्यात ते मऊ केलं आणि अंगठ्यावरच दाबून धरलं. अंगठा भाजला. मग जिभेच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरवर घासून गोल केल्या, कारण अंगठ्याची नखी खाली जाताना गोड बोलते, पण वर येताना तारेला ओरबाडते. कडा गोल झाल्यावर दोन्हीकडून सारखी बोलायला लागली.

हात बसल्यावर मी मास्तरांना न सांगता जळकोटच्या पार्टीत गेलो. तिथं कुणी माझी बोटं मोजली नाहीत. आणि एक दिवस तिथल्या मालकानं सांगितलं की बिलोलीकडची सुपारी आलीय, नवरदेव जळकोटचा. नवरीच्या बापाचं नाव ऐकलं आणि मला भर दुपारी देव भेटल्यासारखं झालं. मास्तरांच्या मुलीचं लग्न. वाजंत्री मुलाकडच्यांनी आणायची असते, तिथं मुलीच्या बापाचं काही चालत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी दोन नख्या समोर ठेवून बसलो होतो, स्टीलची आणि पिवळी. मला स्टीलची घ्यायची होती. मास्तरांच्या कानाचे पडदे फाटेपर्यंत वाजवायचं होतं. बायको चहा ठेवून म्हणाली, “मास्तरच्या कानाला टोचायचंय का काळजाला?”

खरं होतं तिचं. कर्कश वाजवलं असतं तर त्यांना म्हणायला मोकळीक होती, की हात गेला तसा सूरही गेला. मी पिवळी घातली. इतका सूड मनात घेऊन इतकं गोड मी कधीच वाजवलं नव्हतं. नवरदेव मारुतीला जाऊन मांडवाकडं निघाला, तो सगळा परण्या मी थोटा हात उंच करकरून नेला. बाही कोपरापर्यंत सारली होती. बघा म्हणावं. पोरं नाचत होती, बायका हसत होत्या, कुणालाही अपशकुन झाला नाही.

मांडवाच्या दाराशी नवरीच्या बापानं वाजवणाऱ्यांना कुंकू लावून टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा असतो. मास्तर ताट घेऊन एकेकाला लावत माझ्यासमोर आले. मी उजवाच हात पुढं केला. कुंकू लावताना त्यांची बोटं अवघडली. मला वाटलं, लाजेनं. मग त्यांनी माझा अंगठा धरला, वळवून नखी पाहिली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलले.

“लई गोड वाजतंय. कुठं मिळाली रे? माझी बोटं आता मिटंना झालीत, नखी धरता येत न्हाई. वर्ष झालं, बेंजो झाकून ठेवलाय.”

त्यांनी बोटं दाखवली. सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झाले होते. मला दया यायला हवी होती. आली नाही. उलट जिवाला गार वाटलं. जोडीतली दुसरी नखी माझ्या खिशातच होती. मी ती काढली, तळहातावर ठेवून त्यांना नीट बघू दिली, आणि शेजारचा चालू माईक तोंडाशी ओढून म्हणालो, “ही हाय अजून एक. तुमच्या अंगठ्याला बसंल बी. पण देणार न्हाई, मास्तर.”

नवी व्याही मंडळी त्यांच्याकडं बघायला लागली. मी नखी परत खिशात टाकली. मास्तरांनी त्या न मिटणाऱ्या हातांनी टॉवेल उचलला आणि माझ्या खांद्यावर घातला, कारण मुलीच्या बापाला तो घालावाच लागतो.