कोचच्या वाट्याची पुरणपोळी

आमच्या दौंडच्या फुटबॉल टीमच्या कोचला पोळा आन् दिवाळी दोन्ही बघायला मिळत नसायची. पोळ्याला आलेला दिवाळीच्या आत घरी. जिल्ह्याच्या खालच्या डिव्हिजनमधली टीम. हरली की पोरांना कोण हात लावणार? कुणी कुणाचा पुतण्या, कुणी कुणाचा भाचा. कोच बाहेरचा. त्याला काढलं की गावात भांडण होत नाही.

हे कोच राहायचे माझ्या घरी. मी रेल्वेत गँगमन होतो, शाळा चौथीपर्यंत. ग्राउंडला लागून घर, पोटी मूल नाही, एक खोली मोकळी. ती कमिटीनं मागून घेतली. आन् कोच आमच्यातच राहतोय म्हणून, त्याला काढल्याचं सांगायचं कामही आमच्याच गळ्यात.

पहिल्याला मीच सांगितलं. तो दारात बसून बूट काढत होता. म्हटलं, "राहू दे पायात, तुला जायचंय."

बायको अशी भडकली माझ्यावर! "जिभंला काय हाड हाय का न्हाई? उपाशी माणसाला असं सांगत्यात व्हय?"

ती वडगाव रासाईची, भीमेकाठची. त्या दिवसापासून ते काम तिनं स्वतःकडं घेतलं. टीमच्या अध्यक्षांचा फोन आला की ती हरभऱ्याची डाळ शिजत घालायची. कोचला ताटावर बसवायची, पुरणपोळी वाढायची, वर तुपाची धार. दुसरी पोळी संपत आली की म्हणायची, "पोरा, तुझी आई वाट बघत असंल. जा आता घरी." माणसं रडायची, पण जेवून उठायची.

पुढं ही गोष्ट कोच लोकांत पसरली. मॅच हरून आले की दारातूनच विचारायचे, "मामी, आज काय केलंय?"

"पिठलं."

"वाचलो!"

माझ्या घरी राहिलेला शेवटचा कोच कोल्हापूरचा. तो आला आन् थोड्याच दिवसांत ती अंथरुणाला खिळली. गेली तेव्हा तिला खांदा द्यायला तो होता. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. तो भाकरी बरी थापायचा, माझ्यापेक्षा तरी बरी. संध्याकाळी मी काही बोललो तर घरातून उत्तर यायचं. मला तेवढं पुरत होतं. इतकी वर्षं टीम जिंकली काय, हरली काय, मला फरक पडत नव्हता. आता जिंकावी वाटायला लागली. त्या साली पोरं थोडीफार जिंकलीही, म्हणून हा टिकला.

तिच्या वर्षश्राद्धाला मेहुणीनं येऊन पुरण घातलं. कोच ग्राउंडवरून आला, दारात वास घेतला आन् सरळ खोलीत जाऊन बॅग भरायला लागला. मी मागं गेलो. "आरं, हे तिचं हाय. तुझं न्हाई."

तो मटकन खाटेवर बसला. आधी हसला. मग आम्ही दोघंही रडलो.

पावसाळा सरल्यावर शिरूरला मॅच झाली. निम्मी पोरं रांजणगावला कंपनीत, त्यांना सेकंड शिफ्ट लागली. गोलकीपर शिक्रापूरला खोली घेऊन राहतो, तो ट्रॅफिकमधी अडकला, अर्धी मॅच झाल्यावर उगवला. टीमचा पार धुव्वा उडाला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन. "आप्पा, त्याला सांगा आता."

"त्याचा काय दोष? पोरंच आली न्हाईत."

"नवा माणूस आणला की पोरांत जीव येतो."

"घोड्याला चारा न्हाई आन् तुम्ही नाल बदलताय," मी म्हटलं.

अध्यक्ष हसले. "तुम्हीच सांगा आप्पा. तुमचं ऐकतो तो."

आयुष्यभर मी तोंडावर बोलत आलो. ह्या वेळी जीभ उचलंना. मग मी डाळ काढली. तिला करताना किती वेळा पाहिलं होतं, वाटलं जमंल. डाळ, पाणी आन् गूळ एकदमच पातेल्यात घातला. गॅस किती वेळ चालू ठेवला, डाळ काही शिजंना.

कोच आला. गळ्यात शिट्टी, पायाला चिखल. वासानं थांबला, पातेल्यात डोकावला.

"मामा, गूळ शेवटाला घालत्यात. आधी घातला की डाळ मऊ होत न्हाई."

"मला काय म्हाईत? तीच करायची."

त्यानं गॅस बंद केला. मग गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला अडकवली. "कवा जायला सांगितलंय?"

"त्ये मी इचारलं न्हाई."

"मग जेवून घेऊ," तो म्हणाला. ती गोड, टणक डाळ आम्ही शिळ्या भाकरीबरोबर चावत बसलो. दुसरी भाकरी संपत आली तेव्हा मला तिच्यासारखं काहीतरी बोलायचं होतं. आलं नाही. सकाळच्या गाडीनं तो गेला. शिट्टी खिळ्यालाच राहिली.

नव्या कोचला मी खोली दिली नाही. तो स्टेशनाजवळ कुठंतरी राहतो. परवा टीम पुन्हा हरली आन् अध्यक्षांचा फोन आला. "आप्पा, तेवढं त्याच्याशी बोलता का?"

म्हटलं, "सांगणारी गेली. आता तुमचं तुम्ही सांगा. आन् सांगायच्या आधी त्याला जेवायला घाला."