कडूनिंबापासून नऊ पावलं

धरण पाहायला लोक डबे घेऊन जातात. मी पहिल्यांदा गेले ती रिकामी पिशवी घेऊन, तेही नवऱ्याशी भांडून.

आमचं शेत बुडीत क्षेत्रात गेलं आणि आम्ही हिंगणघाटला आलो. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. घराचं रडून झालं, शेताचंही झालं. मला हवी होती फक्त एक मूठ माती. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास माझं पहिलं मूल आठवड्याच्या आत गेलं होतं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बायांना नेत नाहीत. सासऱ्यांनी खड्ड्यात टाकायला चुलीजवळचा मिठाचा डबा उचलून नेला, एवढंच मी पाहिलं. कुठं ठेवलं म्हणून विचारून विचारून मी नवऱ्याचा जीव खाल्ला, तेव्हा तो म्हणाला, "कडूनिंबापासून नऊ पावलं, नाल्याच्या अंगाले."

त्या जागेवरून मी कधी वखर जाऊ दिला नाही. सासू म्हणायची, येडी झाली. झाले असेन. पण गाव सोडताना माती घेतली नाही, कारण पाणी यायला अजून बरीच वर्षं आहेत, असं सगळे म्हणत होते. माझ्यासारखी गाढव मीच.

मग गावचा एकजण बाजारात भेटला. "वहिनी, तुमच्या वावरातली काळी माती धरणाच्या भिंतीले नेऊन राह्यले ना!"

नवरा नको नको म्हणत होता, तरी दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथं होतो. अर्धं शेत खणून नेलेलं, माणूस उभा बुडेल एवढा खड्डा. पोकलेन माती उचलत होतं, डंपर रांगेत उभे होते. कडूनिंब मात्र खड्ड्याच्या काठावर शाबूत होता. मी पोकलेनच्या पुढ्यात जाऊन हात जोडले. चालवणारा परमुलखातला होता. त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, माझं ऐकून घेतलं.

"माताजी, जगह दिखाइए. उतनी छोड़ दूँगा."

मी झाडाला पाठ लावली आणि मोजत गेले. नऊ. तिथली जमीन अजून खणली नव्हती. मी खाली बसले, पदर पसरला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. हसू आणि रडू एकदमच येत होतं. त्या माणसाने डोक्याचा रुमाल काढून हातात धरला.

"नको उकरू," नवरा मागून म्हणाला. "तिथं नाई हाये."

"मंग कुठी हाये?"

"मले नाई मालूम. बाबानं पुरलं. मी वावराच्या धुऱ्यावरच बसून राह्यलो, मले पाहवलं नाई."

"अन् नऊ पावलं?"

"तू खात नव्हती, पीत नव्हती. काहीतरी सांगा लागत होतं."

सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. विचारायला कोणी उरलं नव्हतं. मी नवऱ्याला त्याच मातीची ढेकळं मारली, सापडतील तेवढी. तो हललाही नाही. कामावरच्या साहेबाची जीप हॉर्न देत आली. पोकलेनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. कुठली जागा सोडायला सांगू त्याला? मीच बाजूला झाले.

भरलेल्या डंपरमागे मी भिंतीपर्यंत चालत गेले. तिथं मातीचा थर टाकत, पाणी मारत आणि वरून खुरांसारखे दात असलेला रोलर फिरवत होते. धरणाच्या पोटात काळी मातीच लागते, ती पाणी पाझरू देत नाही, असं तिथल्या मुकादमाने मला कौतुकाने सांगितलं.

आता धरण भरतं. मी दरवर्षी जाते. लोक काठावर भजी खातात, फोटो काढतात. मी भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, कारण माझं बाळ भिंतीत असेल, नाहीतर पाण्याखाली. एकदा आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. त्याचं बारसंच झालं नव्हतं.